चष्म्याचा नंबर तपासला, पडदा राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या बहिणीला मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली. ताईने गोळ्या कधी चुकवल्या नाहीत, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेतले आणि चष्म्याचा नंबरही वेळोवेळी दुकानात जाऊन बदलून आणला. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तांदूळ निवडताना तिला सुपात काळे जाळे हलताना दिसले. केस पडला असेल म्हणून ती बोटाने काढू लागली, पण जाळे सुपात नव्हते, तिच्या उजव्या डोळ्यात होते. नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून पाहिले तेव्हा आत रक्तस्राव झालेला होता. आणि ज्या डाव्या डोळ्याने तिला अगदी स्वच्छ दिसत होते, त्याच्याही पडद्यावर, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रतिमा उमटते त्या पातळ थरावर, लाल ठिपके होते. तिची जाडजूड फाईल मी घरी येऊन चाळली. साखरेचे अहवाल ढीगभर होते, पडदा तपासल्याचा एकही कागद नव्हता.

आपल्याकडे 'डोळे दाखवून आलो' म्हणजे बहुधा नंबर काढून आलो. दुकानातल्या त्या तपासणीत पडदा पाहिला जात नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. वाढलेल्या साखरेमुळे पडद्यावरच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या कमजोर होऊन फुगतात, पाझरतात, आणि पुढे उगवणाऱ्या नव्या नाजूक वाहिन्या फुटतात. पण सूज पडद्याच्या मध्यापर्यंत पोचेपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत डोळा दुखत नाही, लाल होत नाही, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. म्हणूनच प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान होताच, आणि लहान वयातल्या, इन्सुलिनवरच्या मधुमेहात पाच वर्षांच्या आत पडद्याची पहिली तपासणी करून घ्यावी व त्यानंतर साधारणपणे दरवर्षी करीत राहावे, असे सांगितले जाते. मधुमेही स्त्रीला दिवस गेल्यास पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहावा लागतो, कारण गरोदरपणात हा विकार झपाट्याने वाढू शकतो.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर हा विकार आढळला होता. लेझर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने यांनी उरलेली दृष्टी बहुतांशी राखता येते, मात्र गेलेली पूर्ण परत येईलच असे नाही. ताईच्या डाव्या डोळ्याला लेझर वेळेत मिळाले. उजव्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी त्या डोळ्याने तिला आता वर्तमानपत्र वाचता येत नाही.

आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे की, ग्रामीण रुग्णालयात ज्या दिवशी मधुमेहाच्या गोळ्या दिल्या जातात, त्याच दिवशी तिथे पडद्याचे छायाचित्र काढण्याची सोय करावी. प्रशिक्षित तंत्रज्ञ ते काढू शकतो आणि दूरच्या तज्ज्ञाला पाठवू शकतो. मधुमेहाच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या कागदावर साखरेशेजारी 'पडदा शेवटचा केव्हा पाहिला' याची तारीख लिहावी. आणि तपासणीला जाताना वाचकांनी घरचे कोणी सोबत न्यावे. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, उन्हाचा त्रास होतो आणि तेवढा वेळ गाडी चालवता येत नाही.

आपला,
एक वाचक, जि. सातारा