त्याचं नाव कळव

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र तुझ्या आईने दोनदा वाचलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. नोकरी तुला मिळाली नाही, तुझ्याच खोलीत राहणाऱ्या मित्राला मिळाली. त्याचं तोंडभरून अभिनंदन केलंस, पण रात्री गुडघे टेकले की फक्त ‘मला का नाही?’ एवढंच निघतं, असं तू लिहिलंस. खरं लिहिलंस हे बरं केलंस.

स्वतःसाठी मागू नकोस, असं मी सांगणार नाही. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही ‘हा प्याला माझ्यापासून टळून जावो’ असं मागितलंच. पण त्याने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना एकदा सावकाश म्हणून बघ. भाकर ‘आम्हांला’, क्षमा ‘आम्हांला’, वाइटापासून सोडव तेही ‘आम्हांला’. ‘मला’ हा शब्द तिच्यात कुठेच नाही. लहानपणापासून पाठ असूनही हे माझ्या ध्यानात आलं ते चाळिशी उलटल्यावर!

तेव्हा आमच्या कचेरीत एकजण होता. पाचच्या ठोक्याला उठायचा आणि त्याचं उरलेलं काम माझ्या टेबलावर यायचं. मीही त्याच्यासाठी प्रार्थना करायचो बरं का. ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे.’ प्रार्थना कसली, डोळे मिटून केलेली चहाडीच ती. मग एका रात्री ठरवलं, आज त्याच्यासाठी काहीतरी चांगलं मागायचं. आणि अडलो. मागायचं काय? सहा वर्षं शेजारी बसून मला त्याच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसलो. बोलता बोलता कळलं, आईची दृष्टी गेलीय, संध्याकाळची बाई साडेपाचला निघते, त्यानंतर म्हातारी घरात एकटी. सांगताना तो डब्याचं झाकण उगाच उघडत होता, लावत होता.

त्या रात्री काय मागायचं, याचा विचार करावा लागला नाही. त्याचं काम त्यानंतरही माझ्या टेबलावर येतच राहिलं, पण ते उचलताना मी कुरकुरणं सोडलं. तेवढं तरी करायलाच हवं होतं. ‘सुखाने जा, ऊब घ्या’ असं नुसतं म्हणून उघड्याला पांघरूण न देणाऱ्याला याकोबाने नव्या करारातल्या आपल्या पत्रात चांगलंच फटकारलंय.

एक सावधगिरी मात्र बाळग. कुणीतरी तुला शास्त्रातल्या ईयोबाचा, सगळं गमावून बसलेल्या त्या नीतिमान माणसाचा, दाखला देईल: त्याने मित्रांसाठी प्रार्थना केली, तेव्हा परमेश्वराने त्याला सगळं दुप्पट दिलं, तूही मित्रासाठी प्रार्थना कर, तुझी नोकरी पक्की. हा सौदा मला मुळीच पटत नाही. ते मित्र कसे होते ते आठव. राखेत बसलेल्या माणसाला ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असं अध्यायामागून अध्याय ऐकवणारे! त्यांच्यासाठी त्याने तोंड उघडलं तेव्हा पुढे काय मिळणार याचा हिशेब त्याच्यापाशी होता, असं शास्त्रात कुठेही नाही. माझ्या लेखी त्या गोष्टीतली मोठी गोष्ट दुप्पट मेंढरं नव्हेत, त्याचं ते तोंड उघडणं आहे.

आणि कुणाचं दुखणंखुपणं कानावर आलं तर ते ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चारचौघांत वाटत सुटू नकोस. आपल्या चर्चच्या मंडळ्यांमधली ही खोड मला फार खटकते.

तर आज रात्री त्या मित्राचं नाव घे. पहिले काही दिवस शब्द घशातच अडकतील, अडकू देत. नव्या जागी त्याला कशाची भीती वाटतेय, हे आधी त्यालाच विचार. तुझ्या नोकरीचं मी आणि आई रोज मागतोच आहोत, तो भार आमच्यावर टाक.

माझ्या प्रार्थनेच्या वहीत तुझ्या नावाखाली एक ओळ मोकळी ठेवलीय. त्याचं नाव कळव.

तुझे,
पपा