दातांच्या डॉक्टर मॅडमना मनापासून थँक्यू

डॉक्टर मॅडम, नमस्कार,

क्लिनिकमध्ये तुमच्या दारात कायम पुढचा पेशंट उभा असतो त्यामुळे नीट आभार मानायचे राहूनच जातात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, झोपेत दात खाण्याचा हाच त्रास अजून कोणाला असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची, जबडा आखडलेला, कान दुखतोय म्हणून दाखवला तर कानात काहीच नाही, गार पाण्याने दाढेत कळ यायची पण एक्सरेत कीड दिसायची नाही, आणि शेवटी "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकून परत यायचं. दाढ बघायच्या आधी गालाला हात लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच. गालावर बोटं ठेवून दात दाबायला लावलेत आणि तो टम्म फुगणारा गोळा माझा मलाच जाणवून दिलात, हा मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू, ह्याला रात्रभर आराम नाही म्हणालात. मग आरशात एकेक खूण दाखवलीत, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, गालाच्या आत पांढरी रेघ, सुळ्यांची टोकं सपाट झालेली. ब्रुक्सिझम, म्हणजे नकळत दात खाणं किंवा आवळणं, हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सगळ्यात आवडलं ते तुमचं स्पष्ट बोलणं. नाईट गार्डने, म्हणजे रात्री दातांवर बसवायच्या कव्हरने, दात वाचतील, पण दात खाणं थांबेलच असं नाही, हे माप घ्यायच्या आधीच सांगितलंत. एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, एकदा झिजलं की परत येत नाही म्हणून झीज गार्डची होऊ दे, दातांची नको, एवढाच त्याचा उपयोग. (गरम पाण्याने धुवायचं नाही, वाकडं होतं, तेही लक्षात आहे.) चावा जुळत नाही म्हणून दात थोडे झिजवून बसवून घ्या असा सल्ला मला आधी मिळाला होता, त्याला तुम्ही सरळ नाही म्हणालात. झोपेतलं दात खाणं मेंदूकडून सुरू होतं, झोप क्षणभर चाळवते, हृदयाचे ठोके वाढतात आणि मागोमाग जबडा आवळला जातो, मग चांगले दात झिजवून काय होणार! हे इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल खरंच थँक्यू.

आणि दिवसाचं तर माझ्या गावीही नव्हतं. स्क्रीनसमोर बसले, गाडी चालवताना, कोणाशी वाद झाला की दात घट्ट आवळलेले. दात एकमेकांना चावताना आणि गिळताना लागले तेवढे पुरे, एरवी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली. आता मॉनिटरच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवलीय, ती दिसली की जबडा सोडायचा, खांदे खाली. दुपारनंतर कॉफी बंद केली. कानशिलं गार्डपेक्षा ह्यामुळेच जास्त शांत झाली असं मला वाटतं.

पण सगळ्यात मोठे आभार त्या प्रश्नांसाठी जे दाताच्या डॉक्टरकडे कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. घोरता का, श्वास अडकून जाग येते का, झोप होऊनही दिवसा डुलक्या येतात का, कारण स्लीप ॲप्नियाबरोबर, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबण्याच्या आजाराबरोबर, दात खाणं बऱ्याचदा दिसतं. आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी डिप्रेशनच्या गोळीचं नाव जरा दबकतच सांगितलं, तुम्ही अजिबात चेहरा न बदलता म्हणालात की सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशा औषधांनी काही जणांना दात आवळण्याचा त्रास होतो, पण स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांच्याशी बोला, आणि लगेच त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून दिलीत. त्यांनी डोस बदलला. मनही ठीक आहे आणि सकाळी तोंड पूर्ण उघडतंय, जांभई देताना कळ येत नाही.

ताईच्या मुलाचंही सांगायचं होतं, तो झोपेत करकरा दात खातो आणि सगळे जंताच्या औषधाच्या मागे लागले होते. लहान मुलांचं बहुतेकदा मोठं होता होता आपोआप जातं, फक्त तो घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का ते बघा, हे तुमचं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. तो घोरतो, म्हणून त्याला आता दाखवायला नेतेय ती.

पुढच्या चेकअपला गार्ड घेऊन येते, चांगले ओरखडे पडलेत त्यावर.

तुमची पेशंट