फ्रिक्वेन्सी खरंच रिकामी आहे का?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अंतराळ स्थानकावरून येणारी चित्रं गच्चीवर अँटेना धरून टिपणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल आपल्या रविवार पुरवणीत वाचलं. फार बरं वाटलं. १४५.८०० मेगाहर्ट्झवर सुरांच्या रूपात येणारं चित्र दोनेक मिनिटांत ओळीओळीनं पडद्यावर उतरताना पाहिलं की हा नाद सुटत नाही. यातली काही मुलं उद्या परीक्षा देऊन हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना घेतील आणि स्वतः चित्रं पाठवू लागतील. स्थानकाची चित्रं आपण फक्त घेतो, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पाठवताना मात्र बिघडू शकतं. माझ्या हातून बिघडलं, म्हणून हे पत्र.

मी बरीच वर्षं २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात) एसएसटीव्ही, म्हणजे सावकाश जाणारी स्थिर चित्रं पाठवतो. जगभरचे चित्रवाले १४.२३० मेगाहर्ट्झवर जमतात. संध्याकाळी युरोपातले सिग्नल पोचू लागले की तिथे इतकी दाटी होते की एकाच्या चित्रावर दुसऱ्याच्या रेघा उमटतात. अशाच एका संध्याकाळी मी वर सरकलो आणि १४.२३६ वर थांबलो. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. जागा मोकळी आहे असं समजून मी मार्टिन-१ पद्धतीनं चित्र सोडलं. ११४ सेकंद. मग दुसरं सोडलं, मग तिसरं.

रात्री ऑस्ट्रेलियातल्या एका ऑपरेटरचा ईमेल आला. तिथे दोघांचं बोलणं चालू होतं आणि माझ्या पहिल्याच चित्रानं ते तुटलं होतं. पत्राची भाषा अतिशय सौम्य होती. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

ते दोघे फ्रीडीव्हीवर बोलत होते. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांच्या कोडेक-२ या आवाज दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभी राहिलेली, २०१२ पासून वापरात असलेली ही खुली डिजिटल आवाजपद्धत. तिच्या ७००डी या प्रकारात माणसाचं बोलणं सेकंदाला अवघ्या ७०० बिटांत बसवतात आणि एकमेकांना चिकटून असलेल्या बारीक वाहक लहरींवर वाटून पाठवतात. साध्या रिसीव्हरवर ते बोलण्यासारखं लागत नाही, खरखरीसारखंच लागतं. शिवाय सिग्नल गोंगाटाखाली गेला तरी बोलणं उलगडतं, हाच या पद्धतीचा गुण. म्हणजे जे बोलणं त्या दोघांना स्वच्छ ऐकू येत होतं, त्याचा माझ्या कानाला पत्ताही नव्हता. त्यातून २० मीटरवर स्किप असतो, म्हणजे लहर मधला टप्पा ओलांडून दूर उतरते. त्यामुळे कित्येकदा दोघांपैकी एकाचाच सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो, कधी दोघांचाही पोचत नाही.

साध्या आवाजावर शिट्टी आली तरी कान शब्द वेचून काढतो. डिजिटल आवाजाला ती सवलत नाही. एसएसटीव्हीचे सूर १२०० ते २३०० हर्ट्झमध्ये फिरतात आणि ७००डी साधारण १००० ते २००० हर्ट्झमध्ये बसतं. दोघांची डायल १४.२३६ वर असेल तर चित्र थेट त्या लहरींवरच पडतं, सिंक (दोन्ही बाजूंचा ताळमेळ) जातो आणि समोरचा माणूस वाक्याच्या मध्येच गप्प होतो. त्याला आमचे सूर ठणठणीत ऐकू येतात, आम्हाला तो ऐकूच येत नाही. भांडणाचं मूळ इथे आहे. चित्रवाले मुद्दाम त्रास देतात असं फ्रीडीव्हीवाल्यांना वाटतं, आणि ते रिकाम्या जागेवर हक्क सांगतात असं आम्हाला.

फ्रीडीव्हीवाले जमतात ती १४.२३६ कुणाच्या मालकीची नाही, तशी १४.२३०ही आमची नाही. या जागा संकेतानं ठरल्या आहेत आणि संकेत पाळला तर दोघांनाही पुरेशी जागा आहे. सूर डायलच्या आकड्यात वर मिळवले जातात, म्हणून १४.२३० वरचं चित्र १४.२३२३ च्या आसपास संपतं. १४.२३३ वरचं चित्रसुद्धा १४.२३६ च्या अलीकडेच राहतं. मात्र ऑडिओ बेताचा हवा. एएलसीचा (आवाजाची पातळी आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा उडेपर्यंत पातळी चढवली तर सिग्नल पसरतो आणि हे गणित कोलमडतं. दाटी असेल तेव्हा मी आता वर न जाता खाली, १४.२२७ कडे सरकतो.

आणखी एक सवय मी मोडली. चित्रांचे सूर कानाला टोचतात म्हणून आम्ही अनेकजण स्पीकर बंद ठेवून काम सॉफ्टवेअरवर सोपवतो. मग कुणी साध्या आवाजात ‘फ्रिक्वेन्सी वापरात आहे’ असं ओरडून सांगितलं तरी कळणार कसं? आता मी स्पीकर चालू ठेवतो आणि पाठवण्याआधी दोन मिनिटं वॉटरफॉल, म्हणजे सिग्नल पडद्यावर रंगांत दाखवणारं चित्र, पाहतो. कानाला खरखर वाटणारी फ्रीडीव्ही तिथे बऱ्याचदा शेजारी शेजारी उभ्या पट्ट्यांसारखी दिसते. नंतर माइकवर विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो. फ्रीडीव्हीवाल्यांनाही एक विनंती: असा प्रश्न आला तर डिजिटल क्षणभर बाजूला ठेवून साध्या एसएसबीवर (नेहमीच्या आवाजाच्या पद्धतीनं) उत्तर द्या, तेवढं आम्हाला नक्की ऐकू येतं.

परवान्याच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या क्लबांनी ‘आधी ऐका’ या जुन्या धड्यासोबत नवख्यांना वॉटरफॉलवरच्या या पट्ट्या ओळखायला शिकवाव्यात. एका संध्याकाळचं काम आहे. साताऱ्यात कुणी असा वर्ग घेणार असेल तर माझा रिग (रेडिओ संच) आणि लॅपटॉप घेऊन मी येईन.

आपला,
एक हौशी रेडिओ ऑपरेटर, सातारा