सुमे, नानाला तूच समजावून सांग

प्रिय सुमे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो गं, हो गं" करत राहतेस आणि मूळ गोष्ट बाजूलाच पडते. शिवाय यातला काही भाग तुला नानाला वाचून दाखवायचा आहे. म्हणून पत्र. तब्येत बरी आहे, मनगट दुखतं, शुगर आटोक्यात.

काल नाना इथे कॅसिनोत, मी डीलर म्हणून पत्ते वाटते त्या टेबलावर येऊन बसला.

आपलाच नाना, आपला भाऊ. टूरबरोबर आलाय, वहिनीही आहेत. तुला हे माहीत असणार आणि तू मला कळवलं नाहीस, त्याचं भांडण नंतर काढते.

शनिवारची रात्र, ब्लॅकजॅकचं टेबल भरलेलं. (या खेळात पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, एकवीसच्या पुढे गेली की फुटलो, डाव गेला.) शेवटच्या खुर्चीत टोपीवाला म्हातारा येऊन बसला, मी मान वर करून पाहिलंही नाही. आम्ही चेहरे कमी आणि हात जास्त बघतो. त्याचे सोळा झाले होते, माझा सहा उघडा होता. अशा वेळी जाणता खेळाडू थांबतो. म्हाताऱ्याने टेबलावर बोट आपटून पत्ता मागितला, आणि सुमे, ते बोट! उजव्या हाताचं, पहिल्या पेरापाशी वाकडं झालेलं. तुमच्या आडाच्या रहाटात सापडलेलं तेच.

माझा हात तसाच पुढे गेला, कारण सुरू झालेला डाव अर्धवट सोडता येत नाही. त्याला दहा आला, सव्वीस झाले, डाव गेला. माझा झाकलेला पत्ता दहा निघाला, म्हणजे सोळा. पुढचा पाच, एकवीस. सगळं टेबल हरलं. तिसऱ्या खुर्चीतला पोरगा नानावर उखडला. याने तो दहा घेतला नसता तर तो तुझ्याकडे आला असता, तू फुटली असतीस, आम्ही सगळे जिंकलो असतो, असं म्हणून नको ते बोलला. शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला हे नेहमी ऐकावं लागतं. खरं तर पुढचा पत्ता कोणता ते कोणालाच माहीत नसतं, त्याचं घेणं टेबलाला जितक्या वेळा बुडवतं तितक्या वेळा वाचवतंही, पण वाचवल्याबद्दल त्याला कोणी थँक यू म्हणत नाही. मी पोराला सांगितलं, ज्याचा डाव त्याने खेळायचा, दुसऱ्याच्या पत्त्यांवर या टेबलावर बोलायचं नाही. नानाला बोललेलं मला सहन झालं नाही, हेही खरंच.

तेव्हा नानाने टोपी काढली. माझ्या छातीवरच्या पट्टीवर नाव आणि खाली गाव लिहिलेलं असतं, इथल्या बऱ्याच कॅसिनोंत तशी पद्धत आहे. ती पट्टी त्याने आधीच वाचली होती. मराठीत म्हणाला, "वैजू, ओवाळणी राहिली होती." आणि शंभर डॉलरची नोट थेट माझ्या हाताकडे पुढे केली.

मी हात मागे घेतले.

"नाना, टेबलावर ठेव," एवढंच म्हणाले. मग सुपरवायझरला बोलावून सांगितलं की हे माझ्या ओळखीचे आहेत. त्याने लगेच दुसऱ्या डीलरला, लोर्नाला, माझ्या जागी उभं केलं. मी हातावर हात आपटले, तळवे वर-खाली करून दाखवले आणि निघाले. "येते," म्हणाले, पण स्लॉट मशीनच्या गोंगाटात त्याला ऐकू गेलं की नाही देव जाणे. वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. आता तू सांग, त्या दोघांना काय दिसलं असेल? इतक्या वर्षांनी भाऊ स्वतः होऊन आला, ओवाळणी पुढे केली, तर बहिणीने हात मागे घेतले, साहेबाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, तोंडासमोर हात झाडले आणि पाठ फिरवून चालती झाली.

मला रात्रभर झोप नाही. तुझ्या ओंकारच्या मुंजीत तो चारचौघांत म्हणाला होता, "पत्ते पिसून पोट भरतेस?" आणि तू खाली मान घालून मसालेभात वाढत होतीस. मला अजून राग आहे, सुमे, त्याच्यापेक्षा तुझा जास्त. पत्ते पिसायला आपल्याला शिकवलं कोणी? गच्चीवर मेंढीकोटला तो नेहमी मला भिडू घ्यायचा, कारण तू खुणा करायचीस आणि त्याही चुकीच्या. (इथे ये एकदा. इथे खूण केल्याशिवाय पत्ताच मिळत नाही. बोट आपटलं की पत्ता, तळवा आडवा फिरवला की बस्स. वरच्या कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही, म्हणून तोंडाने मागितलेलं धरत नाहीत.) मुंजीनंतरही मी राखी पाठवत राहिले, पोच कधी आली नाही. आणि काल तो म्हणतो, राहिली होती. म्हणजे त्याने हिशोब ठेवला होता गं.

म्हणून तू जा त्याच्याकडे. ते आज बसने ग्रँड कॅन्यनला गेलेत, मग आणखी दोन-तीन ठिकाणं आणि परत. मिरजेला पोचले की वहिनी पहिल्याच भिशीत हे सांगतील, त्याच्या आत जा. आणि असं सांग.

नाना जन्मभर बँकेत कॅशियर होता. काउंटरवर न मोजता कोणाकडून पैसे घेतले का त्याने कधी? आमचं हिरवं कापड म्हणजे त्याचं काउंटर. गिऱ्हाईकाच्या हातातून आम्ही नोट घेतच नाही, राष्ट्राध्यक्ष आला तरी. त्याने ती कापडावर ठेवायची, आम्ही ती कॅमेऱ्याला दिसेल अशी पसरायची, मोठ्याने रक्कम सांगायची, तेवढ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मोजून द्यायच्या आणि मगच नोट फटीतून खालच्या पेटीत ढकलायची, तीही पट्टीने. आमच्या कमरेला ॲप्रन असतो तो खिसे झाकायला. टेबल सोडताना हात वाजवून तळवे दाखवायचे ते हातात चिप चिकटलेली नाही हे वर बसलेल्यांना कळावं म्हणून. नाक खाजवलं तरी आधी तळवे दाखवावे लागतात. ते मी नानाला दाखवले नव्हते, छताला दाखवले होते. आणि ओळखीचा माणूस टेबलावर आला की डीलरने सांगायलाच हवं असा आमच्याकडे नियम आहे, कारण नातेवाइकाला एखादी चिप जास्त सरकवणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चोरी. नानाने कधी स्वतःच्या भावाचं कर्ज स्वतः मंजूर केलं असतं का? हे त्याला विचारच.

टिपेचंही नीट सांग, कारण त्याला वाटलं असेल मी टीपच नाकारली. इथे टीप नाकारत नाही कोणी. आमचा पगार किमान वेतनाच्या आसपासच असतो, नेवाडात ते जुलै २०२४ पासून तासाला १२ डॉलर आहे. घर चालतं ते टिपांवर. पण ती द्यायची रीत ठरलेली आहे. चिप कापडावर पुढे सरकवायची आणि डीलरसाठी म्हणायचं. नाहीतर आपल्या डावाच्या पुढे डीलरच्या नावाने एक लाल चिप, पाच डॉलरची, लावायची. डाव जिंकला की ती दुप्पट होऊन आमची. मला ही रीत फार आवडते, कारण त्या डावापुरते आपण दोघं एका बाजूला असतो. चिप मिळाली की आम्ही ती टेबलाच्या कडेवर टकटक वाजवतो, म्हणजे सुपरवायझरला कळतं, आणि डब्यात टाकतो. खिशात नाही, डब्यात. चोवीस तासांच्या सगळ्या टिपा एकत्र होतात आणि ज्याने जितके तास काम केलं त्याप्रमाणे वाटल्या जातात. पगाराबरोबर येतात, त्यावर टॅक्स कापतात.

हे वाटणं साधं नाही बरं. २००६ मध्ये विन कॅसिनोने सुपरवायझरांनाही डीलरांच्या टिपांत वाटा द्यायला सुरुवात केली, तर तिथल्या डीलरांनी युनियन उभी केली आणि कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. मी त्यांच्या बाजूची. टीप कापडावर हात चालवणाऱ्याची. पण डीलरांनी आपापसांत वाटून घ्यावं हे मला मनापासून पटतं. नाहीतर जो तो श्रीमंत गिऱ्हाईकापुढे दात काढत उभा राहील आणि पाच डॉलर लावणाऱ्या म्हातारीला कोणी विचारणार नाही. टीप न देणाऱ्याचा मला राग येत नाही. हरणाऱ्याने काय द्यायचं? त्याने उठताना नजरेला नजर देऊन थँक यू म्हटलं तरी पोचतं. राग येतो तो पत्ते वाईट आले म्हणून माझ्याकडे चिप्स फेकणाऱ्याचा, कापडावर ग्लास ठेवणाऱ्याचा, निकाल कळल्यावर आपल्या डावावर हळूच आणखी चिप सरकवू पाहणाऱ्याचा. आपल्याकडचे काहीजण बोटं चुटचुट वाजवून "ए" म्हणून हाक मारतात, तेव्हा ती गावाची पट्टी काढून ठेवावीशी वाटते. नाना तसा बसला नव्हता. हात कापडाबाहेर, पत्त्यांना स्पर्श नाही, फोन खिशात. कुठे शिकला कोण जाणे, पण माझ्या टेबलावर त्या रात्री सगळ्यात नीट बसलेला माणूस तोच होता. हे तर त्याला नक्की सांग.

आता जे सांगू की नको ते. मला लगेच दुसऱ्या पिटमध्ये, म्हणजे टेबलांच्या दुसऱ्या घोळक्यात, पाठवलं. तासाभराने ब्रेक झाला तेव्हा धावत गेले, तर खुर्ची रिकामी. लोर्नाने नंतर सांगितलं, म्हाताऱ्याने बराच वेळ नोट धरून ठेवली होती, मग कापडावर ठेवली. तिने पंचवीसच्या चार हिरव्या चिप्स दिल्या. त्याने एकही डाव खेळला नाही. चारही चिप्स तिच्याकडे सरकवल्या आणि मी गेले त्या दिशेला वाकडं बोट दाखवून म्हणाला, "सिस्टर." लोर्नाने त्या वाजवून डब्यात टाकल्या.

म्हणजे नानाची ओवाळणी फिलिपिनो लोर्ना, इथिओपियाचा आमचा रात्रपाळीवाला आणि त्या दिवशी कामावर असलेल्या सगळ्यांत वाटली गेली. नऊ हजारांच्या आसपास रुपये झाले आपले. माझ्या वाट्याला त्यातलं किती आलं ते निराळं काढता येणार नाही. त्याला हे कळलं तर वाईट वाटेल का गं? मला नाही वाटलं. माझ्या भावाने आमच्या सगळ्या डीलरांना दिलं असं मी ब्रेकरूममध्ये सांगितलं, तर दोघी-तिघींनी मिठी मारली. पण त्याने ती मला दिली होती, मलाच. तू त्याला बघूनच ठरव. दम्याच्या औषधाने चिडचिडा झाला असेल तर अर्धंच सांग.

तुझं घाईत विचारते, रागवू नकोस. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं का? ओंकारचं मेलबर्नचं ठरलं हे वाचून बरं वाटलं. तो हॉटेल मॅनेजमेंटवाला, तिकडे कॅसिनोत लागला तर सांग, तिथे डीलरला टीप घ्यायला कायद्यानेच बंदी आहे, पगारावर नीट बोलणी करून घे म्हणावं. भाऊजी गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर जाऊन आल्याचं तू लिहिलं होतंस. किती हरले ते लिहिलं नाहीस, त्यावरून समजले.

नानाचा नवा नंबर पाठव. जुन्यावर बाई बोलते की हा क्रमांक अस्तित्वात नाही. आणि यंदाची राखी मी तुझ्या पत्त्यावर पाठवते, ती तू स्वतः त्याच्या मनगटावर बांध आणि बांधताना मला व्हिडिओ कॉल लाव. मिरजेत सकाळ असेल तेव्हा इथे आदल्या दिवशीची रात्र असते, मी रजा टाकते.

तुझी,
वैजू