शाळेचे मजले वाढवा, पण मैदानावर गाड्या नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोथरूडमध्ये आमच्या घराजवळच्या एका शाळेच्या वाढीव बांधकामाचा नकाशा महापालिकेकडे मंजुरीला गेला आहे, असे पालकसभेत सांगण्यात आले. जुन्या इमारतीवर दोन मजले चढणार आहेत, तिला लागून जोडबांधकाम होणार आहे आणि मैदानाच्या पुढच्या अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग होणार आहे. माझी मुलगी याच शाळेत पाचवीत आहे. वर्ग कमी पडतात हे खरे आहे. चित्रकलेची खोली आणि ग्रंथालय, दोन्हींमध्ये आता वर्ग भरतात. त्यामुळे मजल्यांना माझा पाठिंबा आहे. माझी हरकत आहे ती पार्किंगसाठी मैदान जाण्याला, आणि कोणालाही न विचारता ते जाऊ शकते याला.

दुपारी साडेबाराला सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते. तेव्हा कोणीही अधिकाऱ्याने गेटसमोर येऊन उभे राहावे. एका बाजूला व्हॅन आणि रिक्षा, दुसऱ्या बाजूला पालकांच्या दुचाकी, मधे अडकलेली पीएमपीची बस. पदपथावर दुचाकी लावलेल्या, म्हणून पहिली-दुसरीची मुले दप्तरे सांभाळत रस्त्याच्या कडेने चालतात. रिक्षावाले काका हाताला धरून एकेकाला पलीकडे नेतात, म्हणून निभावते. वीस-पंचवीस मिनिटांनी रस्ता मोकळा होतो.

ही गर्दी उभ्या राहणाऱ्या गाड्यांची नाही, सोडायला आणि न्यायला येणाऱ्यांची आहे. मुलाला सोडून ऑफिस गाठायच्या घाईत असलेला पालक गाडी आत नेऊन लावणार नाही. तो गेटवरच थांबणार. मैदानावरच्या पार्किंगमध्ये शिक्षकांच्या आणि कार्यालयात येणाऱ्यांच्या गाड्या दिवसभर उभ्या राहतील आणि रस्ता आज आहे तसाच राहील. उलट दोन मजल्यांवरची नवी मुले त्यात भर घालतील. किती गाड्यांना जागा हवी, हा पार्किंगचा तक्ता नकाशात जुळतो, पण शाळेत मुले कशी येतात आणि कुठे उतरतात, याची त्यात कुठे नोंदच नसते.

आता प्रक्रियेबद्दल. हेच मैदान शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण म्हणून दाखवलेले असते, तर त्यात बदल करण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार नोटीस निघाली असती आणि नागरिकांना हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळाला असता. पण शाळेच्या स्वतःच्या आवारातल्या मैदानाला हे संरक्षण नाही. तिथे त्याच कायद्याच्या कलम ४४ खाली बांधकामासाठी अर्ज आणि कलम ४५ खाली परवानगी, एवढाच मार्ग. वास्तुविशारद आणि बांधकाम विभाग यांच्यात नकाशा फिरतो. शेजारी, पालक आणि मुले यांना त्यात कुठेच जागा नाही. याच आवारातला जुना गुलमोहर तोडायचा म्हटले, तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. एका झाडासाठी हे होते ते योग्यच आहे. मग मुलांच्या अर्ध्या मैदानासाठी का होऊ नये?

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. किती मोठे, ते तिथे सांगितलेले नाही. त्यामुळे उरलेल्या तुकड्यालाही कागदावर मैदान म्हणता येईल. पण त्या तुकड्यात खो-खोचे मैदान आखून दाखवा. कबड्डी कदाचित बसेल, तीही एका वेळी एका वर्गाची. दोन सत्रांच्या शाळेत बाकीच्या मुलांनी काय करायचे?

शिवाय आगीचा विचार आहेच. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले होरपळून गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेबाबत निर्देश दिले. मजले वाढले की अग्निशमन दलाचा बंब इमारतीपर्यंत जाणे आणि वळणे अधिकच महत्त्वाचे होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत बंबाला वळण्यासाठी ९ मीटर त्रिज्या धरली आहे. पुढच्या अंगणात गाड्या खेटून उभ्या असतील, तर ना हरकत दाखल्यातली ती मोकळी जागा गरजेच्या वेळी मोकळी सापडेल का? आणि बाहेर पडलेली मुले जमायची तरी कुठे?

उपाय आहेत, आणि ते फार खर्चाचे नाहीत. शिक्षकांच्या दुचाकी नव्या जोडबांधकामाखालच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागेत, बसू शकतात. मागच्या गल्लीत आज कुलूपबंद असलेले गेट लहान वर्गांसाठी उघडता येईल. सुटण्याच्या आणि भरण्याच्या वेळेत वीस मिनिटांचे अंतर ठेवले, तर दोन सत्रांची गर्दी एकमेकांवर आदळणार नाही. आणि व्हॅन-बस आवाराच्या कडेने आत येऊन दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतील एवढी मार्गिका द्यावी. जागा द्यायचीच तर ती मुलांना सुरक्षित उतरवायला द्यावी. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी आणि तीत पालक, वाहतूक पोलीस आणि स्थानिक संस्थेचे प्रतिनिधी असतात. हा नकाशा आधी त्या समितीसमोर ठेवायला काय हरकत आहे?

महापालिका आयुक्तांना माझी विनंती आहे की, मंजुरीआधी हा नकाशा शाळेच्या फलकावर आणि क्षेत्रीय कार्यालयात किमान १५ दिवस लावावा, आलेल्या सूचनांवर लेखी उत्तर द्यावे, आणि छाननी करणाऱ्या अभियंत्याने वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्यासह एकदा दुपारी साडेबाराला गेटवर येऊन पाहणी करावी. कायद्यात सक्ती नसली, तरी आयुक्तांना यासाठी कोणी अडवलेले नाही. जुन्या इमारतींच्या बऱ्याच शाळांना आज ना उद्या मजले चढवावे लागणार आहेत, त्यामुळे ही पद्धत सर्वच शाळांसाठी लागू करावी.

आपली,
एक पालक व रहिवासी,
कोथरूड, पुणे