चि. मृणालला: पेपरात आधी तुलना शोध

मु. पो. आर्वी, जि. वर्धा

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

संस्थेच्या पुढच्या बैठकीत 'यवतमाळच्या आपल्या गावांत नैराश्यासाठी काय सुरू करावं' हे तुला सांगायचं आहे, आणि तू संशोधनाच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसली आहेस. गठ्ठा जरा बाजूला ठेव. आधी वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिही, चार भागांत. कोणासाठी: अठरा वर्षांवरचे शेतकरी आणि शेतमजूर, पीएचक्यू-९ वर (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची चाचणी; गुण जितके जास्त तितकं नैराश्य जास्त) १५ किंवा त्याहून जास्त गुण असलेले. काय द्यायचं: गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्तीनं घेतलेली सहा ते आठ सत्रं. कशाच्या तुलनेत: आज पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, त्यांना जे मिळतं ते. काय मोजायचं: तीन महिन्यांनी आणि वर्षानं गुण किती. एम.ए.ला हे या चार भागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पिको म्हणून शिकवतात आणि परीक्षेत सगळे लिहितात. खऱ्या कामात मात्र तिसरा भाग हमखास गळतो. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

कारण सरळ आहे. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर, पावसानं ओढ दिलेली आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना तू दोनशे जणांचे गुण घेतलेस, सत्रं घेतलीस आणि कापूस विकून दोन पैसे हातात आल्यावर पुन्हा मोजलंस, तर गुण खाली येणारच. त्यातलं सत्रांचं किती आणि हंगामाचं किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. दुसरं म्हणजे, ज्यांचे गुण त्या दिवशी खूप होते अशांनाच आपण निवडतो. काहींचा तो दिवसच वाईट असतो. पुन्हा मोजलं की आकडा आपोआप सरासरीकडे सरकतो. तिसरं, नैराश्याचे झटके बऱ्याच जणांत काही महिन्यांत स्वतःहूनही ओसरतात. या तिन्ही गोष्टी उपचाराच्या नावावर जमा होतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नवं वाण तपासताना शेजारी जुनं वाण लावतात, आणि कोणत्या तुकड्यात कोणतं हे चिठ्ठीनं ठरवतात, ते याचसाठी: चांगल्या पावसाच्या वर्षी कोणतीही पऱ्हाटी जोरात येते. चिठ्ठी टाकून विभागणी करण्याची ही रीत मुळात शेतीतल्या प्रयोगांतूनच पुढे वैद्यकात आणि मानसशास्त्रात गेली.

आता तुझ्या गठ्ठ्यातला 'विश्राम'चा, म्हणजे गावपातळीवर मानसिक आरोग्याचं काम केलेल्या प्रकल्पाचा, पेपर घे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातली ३० गावं, २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या संशोधनपत्रिकेत आलेला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेलं. आकडा मोठा आहे, आणि दोन्हींचे कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज तो पट्टा (१.५ ते ७.१ आणि २१.४ ते ३३.७), एकमेकांना शिवतही नाहीत, म्हणजे हा निव्वळ योगायोग नाही. पण तुलनेची गावं त्यात नाहीत. पहिली आणि दुसरी पाहणी, एवढंच आहे. आणि १८ महिने म्हणजे दीड वर्ष. पहिली पाहणी ज्या हंगामात होते, दुसरी त्याच्या उलट हंगामात पडते. शिवाय मोजलंय ते उपचारापर्यंत पोचणं. लोक किती बरे झाले हे त्या आकड्यावरून काढायचं नाही. गावपातळीवर काम केलं तर माणसं पुढे येतात, एवढं हा पेपर आपल्या भागाबद्दल चांगलं सांगतो. कोणती सत्रं घ्यावीत, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात शोधू नकोस.

ते उत्तर गोव्याच्या पेपरात आहे. हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम, लॅन्सेट, २०१७. तो मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, आणि वाचायचा क्रम बदल: आधी मेथड्स (अभ्यास कसा केला), मग रुग्ण कुठे किती गळाले याची आकृती, मग पहिला तक्ता (सुरुवातीला दोन्ही गट कसे होते), मग निकाल. ॲब्स्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) आणि चर्चा शेवटी. लेखकाचं मत आधी वाचलं की आपल्या डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

दहा आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे. चिठ्ठीनं दोन गट. एका गटाला सुधारित नेहमीची सेवा, म्हणजे तपासणीचा निकाल रुग्णाला आणि डॉक्टरला सांगणं आणि डॉक्टरला जागतिक आरोग्य संघटनेची उपचारपद्धती हाताशी देणं. दुसऱ्याला ते सगळं, शिवाय बिहेविअरल ॲक्टिव्हेशनवर, म्हणजे माणसाला आवडीच्या आणि गरजेच्या कामांत पुन्हा गुंतवण्याच्या पद्धतीवर, आधारलेली सत्रं. इथे थांबून बघ, तुलना किती चोख आहे: नियंत्रण गटाला, म्हणजे तुलनेच्या गटाला, रिकामं बसवलेलं नाही. तुझ्या गठ्ठ्यातल्या दुसऱ्या एका पेपरात तुलनेचा गट 'प्रतीक्षा यादी' आहे. 'तुमचा नंबर तीन महिन्यांनी' असं सांगितलेला माणूस तोवर स्वतःहून काही करत नाही, वाट बघत बसतो. त्यामुळे अशा तुलनेत कोणताही उपचार आहे त्यापेक्षा उजळ दिसतो. तो पेपर फेकू नकोस, फक्त त्यातल्या इफेक्ट साइझला, म्हणजे परिणाम किती मोठा हे सांगणाऱ्या आकड्याला, जपून हात लाव.

गोव्यात तीन महिन्यांनी ४६६ जणांचं मोजमाप मिळालं. सत्रांच्या गटात २३० पैकी १४७, म्हणजे ६४ टक्के, पीएचक्यू-९ वर १० च्या खाली आले. दुसऱ्या गटात २३६ पैकी ९१, म्हणजे ३९ टक्के. फरक २५ टक्क्यांचा. १०० ला २५ नं भाग: चार जणांना सत्रं दिली की एक जास्तीचा माणूस बरा होतो. बैठकीत हेच वाक्य सांग, 'इफेक्ट साइझ ०.४८' म्हणालीस तर अध्यक्ष चहा मागवतील. पण उलट बाजूही तूच काढ. ३९ टक्के सत्रांशिवायही सुधारले होते.

आता जे सापडले नाहीत त्यांचा हिशोब, कागदावर, स्वतः. सुरुवातीला २४७ आणि २४८ होते. सत्रांच्या गटातले न मोजलेले सगळे आजारीच राहिले असं धर, आणि दुसऱ्या गटातले न मोजलेले सगळे बरे झाले असं धर. मग येतात सुमारे ६० आणि ४२ टक्के. इतकं वाईट धरूनही फरक उरतो, तेव्हा निकालावर भरवसा ठेवायला हरकत नाही. ज्या पेपरात तिसरा हिस्सा लोक गळालेले असतात आणि लेखक फक्त 'सत्रं पूर्ण केलेल्यां'चे आकडे देतात, तिथे हाच हिशोब केलास की निकाल उलटा होताना दिसेल. वर्षभरानंतरच्या पेपरात गोव्यातला फरक टिकलेला आहे, पण कमी झालेला आहे. तेही सांगायचं.

मग आपल्याकडे लागू होतं का? तिथले रुग्ण आरोग्य केंद्रात आलेले होते आणि त्यात बायका बहुसंख्य. जो माणूस वावरातून थेट पानठेल्यावर जातो आणि पीएचसीची पायरी कधीच चढत नाही, त्याच्याबद्दल तो पेपर गप्प आहे. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या घरांबद्दलही. आणि जे वापरायचं ते पूर्ण वापरायचं: तिथल्या समुपदेशकांना आधी मानसिक आरोग्याचं शिक्षण नव्हतं, पण तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, त्यानंतर देखरेखीखाली सराव आणि दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे त्यांच्या सत्रांची तपासणी आणि मार्गदर्शन, होतं. संस्था खर्चाला घाबरून दोन दिवसांची कार्यशाळा घेईल, सहाऐवजी दोन सत्रं ठेवील, सुपरव्हिजन गाळील आणि फलकावर 'पुराव्यावर आधारित' लिहील. तसं झालं तर तो पुरावा तुमचा राहत नाही, हे बैठकीतच बोल. नंतर बोलणं जड जातं.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी करायची नाही. आत्महत्या झालेल्या घरी दोन-तीन दिवसांत जाऊन सगळ्यांना एकत्र बसवून 'काय झालं, काय वाटलं' ते एकाच बैठकीत बोलतं करायचं, याला डीब्रीफिंग म्हणतात. ऐकायला माणुसकीचं वाटतं, म्हणून ते चालत राहतं. कॉक्रेनच्या (सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) पुनरावलोकनात अशा एका बैठकीचा नंतरच्या आघात-विकारावर (पीटीएसडीवर) फायदा दिसला नाही. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ च्या एका अभ्यासात तर १३ महिन्यांनी डीब्रीफिंग घेतलेल्यांत तो विकार २६ टक्के आणि न घेतलेल्यांत ९ टक्के होता. आता हा आकडा माझ्या बाजूचा आहे, म्हणून तो जास्त बारकाईनं बघ: त्यात डीब्रीफिंगच्या गटाच्या जखमा सुरुवातीलाच जास्त गंभीर होत्या आणि लक्षणांचे गुणही जास्त होते. चिठ्ठी टाकूनही लहान अभ्यासात असं होतं, आणि ते फक्त पहिल्या तक्त्यात दिसतं. म्हणून एकट्या या अभ्यासावर 'अपाय होतो' असं ठोकून देऊ नकोस. 'फायदा दिसत नाही' हे सगळे अभ्यास मिळून सांगतात, आणि न करायला तेवढं पुरे. घरी जायचंच आहे. भाकरतुकडा, कागदपत्रं, पोरांची शाळा बघायची, कोणी आपणहून बोललं तर ऐकायचं, आणि महिनाभरानं पुन्हा जायचं.

घरोघरी पीएचक्यू-९ भरून घ्यायचं जे चाललंय त्याबद्दल. मूळ अभ्यासात १० गुणांच्या कटऑफला (सीमारेषेला) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आजारी माणसांतले किती सापडतात, आणि स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोगी माणसांतले किती बरोबर वगळले जातात, दोन्ही ८८ टक्के आहेत. ऐकून वाटतं की शंभरात ८८ बरोबर. तसं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चालू नैराश्य २.७ टक्के होतं. हजार माणसांच्या गावात २७ धर. त्यातले २४ चाचणीत सापडतील. उरलेल्या ९७३ पैकी १२ टक्के, म्हणजे ११७ जण, चुकून वर येतील. यादी १४१ जणांची आणि खरे रुग्ण २४, सहातला एक. हीच चाचणी ज्या ओपीडीत निम्मे लोक खरोखर आजारी आहेत तिथे वापरलीस तर वर आलेल्या शंभरात ८८ खरे निघतात. चाचणी तीच आहे, फक्त गर्दी वेगळी. म्हणून आशाताईंच्या यादीतल्या कोणालाही 'तुम्हाला नैराश्य आहे' असं सांगायचं नाही, गोळी तर नाहीच, आधी मुलाखत. प्रश्न वाचून दाखवताना शेजारीण आणि सासू बसलेल्या असतील तर नवव्या प्रश्नाला, मरणाच्या विचारांच्या, उत्तर 'नाही' येईल आणि ते खोटं असू शकेल. तो फॉर्म ओसरीवर भरायचा नाही. आणि तिथे 'हो' आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिथेच लिहून दे.

संस्थेला स्वतःचा अभ्यास करायची हौस आली तर एवढं बघ. माणसांऐवजी गावांची विभागणी करणार असाल तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, दुष्काळ एक, सावकार एक. गावात ३० माणसं आणि सारखेपणाचा आकडा ०.०५ धरला तर १ अधिक २९ गुणिले ०.०५, म्हणजे २.४५. ६०० ला त्यानं भाग: तुमची ६०० माणसं प्रत्यक्षात २४५ इतकंच काम करतात. दोन गावं इकडे आणि दोन तिकडे घेऊन काहीच सिद्ध होत नाही. आणि सुरू करण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी. २०१८ च्या एप्रिलपासून तिथे अभ्यास सुरू झाल्यावर नोंदवता येत नाही.

दुसऱ्याचा पेपर वाचतानाही तीच नोंदणी उघडून बघ: तिथे मुख्य मोजमाप कोणतं लिहिलं होतं आणि पेपरात कोणतं पुढे आणलंय. न छापलेल्या अभ्यासांचा प्रश्न खरा आहे. अमेरिकेच्या औषध खात्याकडे नोंदलेल्या ७४ नैराश्यरोधक चाचण्यांपैकी ३८ अनुकूल होत्या, त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत आणि ११ अशा छापल्या की अनुकूल वाटाव्यात. पी व्हॅल्यूबद्दल (प्रत्यक्षात काहीच फरक नसताना निव्वळ योगायोगानं इतका फरक दिसण्याची शक्यता) वेगळं लिहीत नाही, ती ०.०५ च्या खाली दिसली की हुरळून न जाता फरक किती गुणांचा आहे ते बघ, म्हणजे झालं.

शोध घेताना पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायच्या संकेतस्थळावर) कोणते शब्द टाकले, कधी, किती पेपर आले आणि कोणते का गाळले, ते वहीत लिहून ठेव. आधी पुनरावलोकन शोध, ते नसेल तर एकेक चाचणी. कॉक्रेनचे सोप्या भाषेतले सारांश फुकट मिळतात.

सुरू झाल्यावर दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ घे, त्याआधी नको. चाचणी मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते. पाच गुणांहून कमी फरक पडला तर सुधारणा म्हणू नकोस. चार-पाच सत्रांत हललं नाही तर सुपरव्हायझरशी बोल, तीव्र असेल तर सेवाग्रामला किंवा जिल्हा रुग्णालयात पाठव. आणि समोरचा माणूस म्हणाला की मला सत्रं नकोत, भजनात बरं वाटतं, तर त्याच्या उपक्रमांच्या यादीत भजन घाल. बिहेविअरल ॲक्टिव्हेशनमध्ये ते बसतं, आणि रुग्णाची पसंती हा पुराव्यावर आधारित कामाचा भागच आहे, अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेनं २००५ सालीच तसं म्हटलंय. अहवालात छेद बदलू नकोस: ४० जणांनी सुरुवात केली, २२ नी पूर्ण केलं, १६ सुधारले, तर ४० पैकी १६ लिहायचं.

बैठकीसाठी एकच पान कर. प्रत्येक पेपराला एक ओळ. रकाने असे: कोण, काय, कशाच्या तुलनेत, किती गळाले, किती फरक, आपल्याकडे काय वेगळं. सुपरव्हिजनचा वर्षाचा खर्च त्याच पानावर खाली लिही. शनिवारपर्यंत फोटो काढून पाठव, रकाने तपासून देतो. आई म्हणते, येताना मोठा डबा परत आण.

तुझे,
बाबा