फोटोखाली गावाचं नाव छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाव पडल्यामुळे रस्त्यावर ओतलेल्या झेंडूचा फोटो आपल्या अंकात पाहिला. असा फोटो दरवर्षीच येतो. मी संगमेश्वर तालुक्यात घरामागच्या सिमेंटच्या 6 टाक्यांत गोल्डफिश वाढवते. तुमच्या फोटोतला कचरा माझ्या कामाचा आहे, म्हणून लिहिते.

माशाला केशरी रंग देणारे कॅरोटिनॉइड त्याच्या अंगात तयार होत नाहीत, ते खाण्यातून यावे लागतात. तळ्यात शेवाळ, बारीक जीव मिळतात. टाकीत नुसत्या पेंड-कोंड्यावर वाढलेला मासा फिकुटतो आणि व्यापारी तो बघून मान हलवतो. नॉर्वेच्या पिंजऱ्यांतल्या सॅल्मन माशाचं मांससुद्धा खाद्यातल्या अ‍ॅस्टाझँथिन या कॅरोटिनॉइडमुळे गुलाबी होतं. ते विकत घेणं माझ्या 6 टाक्यांना झेपत नाही. सुका जवळाही रंग देतो, पण तो आता आपल्याच ताटाला महाग झालाय.

आधी मी बीट किसून घातलं. पाणी गुलाबी, मासे होते तसेच! बिटाचा रंग पाण्यात सुटतो. झेंडूतलं ल्युटिन हे कॅरोटिनॉइड तेलात विरघळतं. बलक पिवळाधमक व्हावा म्हणून कोंबड्यांनाही तेच देतात. आता बुडखा काढून नुसत्या पाकळ्या सावलीत वाळवते, उन्हात रंग उडतो. 5 किलो पाकळ्यांची जेमतेम अर्धा किलो पूड होते. फिशमील, शेंगदाणा पेंड, कोंडा, कणीक उकडून गार झालं की त्यात पूड आणि चमचाभर माशाचं तेल मळायचं, सोऱ्यातून शेव पाडायची आणि वाळवायची. (माशांचा सोऱ्या वेगळा आहे, पाहुण्यांनी घाबरू नये.) दीडेक महिन्यात रंग चढलेला दिसतो.

मात्र गेल्या वर्षी बाजारात उरलेला झेंडू फुकट मिळाला म्हणून उचलला. त्याची पूड एकाच टाकीला घातली होती. चौथ्या दिवशी त्या टाकीतले 40 मासे पोट वर करून तरंगत होते. बाकीच्या टाक्यांत जुनी पूड, तिथे एकही दगावला नाही. तपासणी मी केली नाही, पण संशय फवारणीवरच आहे. झेंडू ओवून दाराला लावायचा, कोणी खात नाही, मग तोडणीच्या आदल्या दिवशी फवारलं तरी कोण विचारतो? मीही विचारलं नव्हतं.

उत्पादकाने शेवटची फवारणी कधी, कशाची केली एवढं चिठ्ठीवर लिहून दिलं, तर उरलेला माल मी पैसे मोजून घेईन. मला दोन पोती पुरतात. पण कृषी सहायकांनी झेंडूवाल्यांची आणि मत्स्य विभागाने आम्हा टाकीवाल्यांची यादी एकमेकांना दिली, तर टेम्पो भरेल. शिवाय शिरगावचं मत्स्य महाविद्यालय इथे रत्नागिरीतच आहे. किती किलो खाद्याला किती पूड, हे त्यांनी नीट मोजून सांगावं. मी अजून चमच्याच्या अंदाजाने घालते.

आणि पुढच्या वर्षी तो फोटो छापाल तेव्हा खाली गावाचं नाव तेवढं द्या.

– एक गोल्डफिशवाली, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी